विश्लेषण : आंबील प्यायल्याने ‘थायरॉईड’ बरा होतो का? विद्यार्थ्यांच्या रिपोर्टमधला आकडा आपोआप कसा उतरतो?

सकाळी रिकाम्या पोटी आंबवलेले पेय घ्या, काही आठवड्यांत थायरॉईडची गोळी सुटेल, असे सांगणारे रील आणि फॉरवर्ड सध्या मोबाइलवर फिरत आहेत. कुठे नाचणीची आंबील, कुठे बाजरीची राबडी, कुठे गाजर-बिटाची कांजी, तर महागड्या बाटलीत कोंबुचा. पुराव्यादाखल दोन रिपोर्ट शेजारी शेजारी लावलेले असतात. आधीच्या रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला, नंतरच्या रिपोर्टमध्ये उतरलेला. असे अनुभव सांगणाऱ्यांत महाविद्यालयीन मुलींची संख्या मोठी दिसते आणि त्यातले बरेच रिपोर्ट खरेही असावेत. प्रश्न रिपोर्ट खरे की खोटे हा नाही. दोन रिपोर्टच्या मधल्या काळात आकडा उतरला तो पेयामुळे, की पेय घेतले नसते तरी उतरलाच असता, हा आहे.

‘थायरॉईड झाला’ म्हणजे नेमके काय?

आधी शब्दाचा घोळ. थायरॉईड हे आजाराचे नाव नाही. ते गळ्यातल्या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीचे नाव आहे आणि ती प्रत्येकाला असते. ‘मला थायरॉईड झालाय’ म्हणणे हे ‘मला यकृत झालंय’ म्हणण्यासारखे आहे. पण बोलीत हा प्रयोग आता इतका रुळला आहे की, तो बदलण्याची आशा नको.

ही ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. ती किती करायची याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी देते. तो हुकूम म्हणजे टीएसएच. एसीच्या थर्मोस्टॅटसारखी ही यंत्रणा आहे. रक्तातले टी-४ कमी पडू लागले की पियुषिका टीएसएच वाढवते, पुरेसे झाले की कमी करते. म्हणजे टीएसएच हा आजाराचा आकडा नसून मागणीचा आकडा आहे. प्रयोगशाळेनुसार त्याची वरची मर्यादा साधारण ४ ते ५ असते. टीएसएच त्या मर्यादेच्या थोडा वर, पण टी-४ व्यवस्थित, अशा स्थितीला डॉक्टर ‘सबक्लिनिकल’ म्हणतात. टी-४ सुद्धा घसरलेले असेल तर तो पूर्ण हायपोथायरॉईडिझम. रीलमध्ये हा फरक क्वचितच सांगितला जातो आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे हा त्रास कमी नाही. मुंबई, गोवा, दिल्ली, कोलकात्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची तपासणी करणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ११ टक्के लोकांमध्ये हायपोथायरॉईडिझम आढळला. याशिवाय सुमारे ८ टक्के सबक्लिनिकल गटात होते. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या भागातल्या शहरांत प्रमाण जास्त निघाले. विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर देशभरातल्या ६,२८३ शाळकरी मुलींच्या पाहणीत १,८१० जणींची ग्रंथी सुजलेली, म्हणजे गलगंड होता. त्यातल्या ७६४ जणींची सुईने नमुना घेऊन तपासणी झाली तेव्हा ५८ जणींमध्ये ऑटोइम्यून थायरॉईडायटिस सापडला. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते, तो हा प्रकार. १९१२ मध्ये जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी त्याचे वर्णन केले म्हणून तो हाशिमोतो नावानेही ओळखला जातो. जिथे आयोडीन पुरेसे मिळते तिथे थायरॉईड मंदावण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे आणि तो मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त आढळतो.

आकडा आपोआप कसा उतरतो?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर इस्रायलमधून आले आहे. तिथल्या एका आरोग्यसेवेतील १ लाख २१ हजारांहून अधिक मुलांच्या थायरॉईड तपासण्यांची पाच वर्षांची नोंद संशोधकांनी तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. ही सर्व मुले १६ वर्षांपर्यंतची होती. पहिल्या तपासणीत टीएसएच ५.५ ते १० च्या दरम्यान असलेल्या मुलांपैकी सुमारे ७४ टक्के मुलांचा आकडा पुढच्या तपासणीत सामान्य आला. थायरॉईडची गोळी न घेता. टीएसएच १० च्या वर असलेल्यांतही काही जणांचा आकडा असाच उतरला, पण त्यांचे प्रमाण बरेच कमी होते.

हे प्रमाण लक्षात ठेवून पुन्हा त्या रीलकडे पाहा. समजा, टीएसएच थोडासा वाढलेल्या १०० मुलींनी आंबील सुरू केली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. इस्रायलमधला अनुभव इथे लावला तर आंबिलीचा काडीचाही परिणाम नसताना ७० हून अधिक जणी ‘बऱ्या’ होतील. त्यातल्या दहा जणी रील करतील. उरलेल्या २५-३० जणी काही पोस्ट करणार नाहीत, त्या गुपचूप डॉक्टरकडे जातील. आपल्याला फक्त त्या दहा दिसतात. म्हणूनच अशा दाव्याची परीक्षा करायची तर दोन गट हवेत. एका गटाने पेय घ्यायचे, दुसऱ्याने नाही आणि दोघांची तुलना करायची. एका व्यक्तीचे आधीचे-नंतरचे रिपोर्ट कितीही बोलके वाटले तरी ती तुलना त्यातून होत नाही.

आकडा वर-खाली होण्याची कारणेही साधी आहेत. टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री आणि पहाटे तो जास्त असतो, दुपारी उतरतो. तापातून किंवा दुसऱ्या आजारातून उठताना तो काही काळ चढतो. वजन जास्त असलेल्या मुलामुलींमध्ये तो किंचित वाढलेला आढळतो आणि वजन कमी झाले की खाली येतो. त्यामुळे आंबील सुरू करताना कोणी वडापाव आणि शीतपेये सोडली असतील, झोप सुधारली असेल, तर श्रेय कोणाला द्यायचे?

यात आणखी एक कारण केसांच्या गोळ्यांचे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या किंवा गमी घेणाऱ्या विद्यार्थिनी खूप आहेत. बायोटिनचा मोठा डोस अनेक यंत्रांवरील चाचणीत ढवळाढवळ करतो. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसू शकते. म्हणजे ग्रंथी होती तिथेच, फक्त रिपोर्ट सुधारला. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, असे सांगितले जाते. लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न विचारलाच जाईल असे नाही, म्हणून आपणहून सांगितलेले बरे.

आंबवलेल्या धान्याबद्दल संशोधन काय सांगते?

इथे कथा थोडी उलटी फिरते. थायरॉईड आणि आंबवलेले भरड धान्य यांच्या नात्यावर खरेच संशोधन झाले आहे, पण ते रीलच्या दाव्याच्या बाजूने नाही.

सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर भागात बाजरी हे मुख्य अन्न. पीठ आंबवून त्याचा असीदा नावाचा घट्ट गोळा किंवा किसरा नावाची पातळ पोळी करायची, ही तिथली पद्धत. या भागात गलगंडाचे प्रमाण मोठे होते आणि केवळ आयोडीनची कमतरता हे त्याचे पूर्ण स्पष्टीकरण नाही, असे अभ्यासकांनी १९८१ मध्ये मांडले. पुढे १९८९ मध्ये एदुआर्दो गायतान आणि सहकाऱ्यांनी बाजरीतील काही फ्लेव्होनॉइड द्रव्ये वेगळी काढली. त्यातले प्रमुख नाव व्हायटेक्सिन. ही द्रव्ये ग्रंथीत संप्रेरक तयार करणाऱ्या ‘थायरॉईड पेरॉक्सिडेज’ या विकराला अडथळा करतात, असे प्रयोगशाळेत दिसले. निष्कर्ष मात्र जपून मांडलेला होता. जिथे आयोडीन कमी आहे आणि बाजरी हाच आहाराचा मोठा भाग आहे, तिथे गलगंड वाढायला तिचा हातभार लागू शकतो, असा.

मग बाजरी आंबवली तर हा दोष जातो का? पिठातले फायटेट आंबवल्याने कमी होते, तसेच हेही होत असेल असे कोणालाही वाटेल. १९९८ मध्ये पश्चिम सुदानमधील बाजरी पारंपरिक पद्धतीने आंबवून उंदरांना खाऊ घालण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निकाल अपेक्षेच्या उलट निघाला. आंबवल्यावर बाजरीचा गलगंडकारक परिणाम वाढला. आंबवताना खनिजे निघून जाणे किंवा द्रव्यांची रासायनिक बांधणी बदलणे, ही संभाव्य कारणे संशोधकांनी दिली. ‘आंबवलेले म्हणजे गुणकारीच’ हे समीकरण निदान या बाबतीत तरी टिकत नाही.

आता हाच प्रयोग ‘बाजरी खाल्ली की थायरॉईड होतो’ अशा उलट्या रीलसाठी वापरणारेही आहेत आणि तेही तितकेच चूक. प्रयोग उंदरांवरचा होता आणि त्यांच्या खाण्यात बाजरीचा वाटा मोठा होता. आपल्याकडे नगर, बीड, नाशिक पट्ट्यात थंडीत बाजरीची भाकरी रोज असते, पण सोबत आयोडीनयुक्त मीठ घातलेले कालवण, डाळ, दूध, अंडी असते. बाजरीने माणसाला गलगंड होतो का, याचा उपलब्ध सर्व पुरावा एकत्र तपासणारा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजरीला दोष द्यावा इतका भक्कम पुरावा माणसांच्या बाबतीत त्याला मिळाला नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून कँटीन आणि वसतिगृहांच्या मेसमध्ये बाजरी-नाचणी पुन्हा दिसू लागली आहे. ती थायरॉईडच्या भीतीने ताटातून काढण्याचे कारण नाही.

पोटातल्या उपयुक्त जिवाणूंचा मुद्दाही वारंवार पुढे केला जातो. इटलीत २०१७ मध्ये गोळी घेणाऱ्या सुमारे ८० रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांना दोन महिने प्रोबायोटिक देण्यात आले. त्यांच्या थायरॉईडच्या कार्यात सुधारणा दिसली नाही. फक्त गोळीचा डोस बदलण्याची गरज दुसऱ्या गटापेक्षा कमी वेळा पडली. तेही ठरावीक जिवाणूंचे, मोजून दिलेले औषधी मिश्रण होते. घरच्या बरणीत रात्रभर काय वाढले हे रोज वेगळे असते. त्यामुळे तो निकाल उचलून आंबिलीला चिकटवता येत नाही.

आंबिलीची एक बाजू मात्र मला खरीच जमेची वाटते, ती लोहाची. थायरॉईड पेरॉक्सिडेज या विकराला काम करायला लोह लागते. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड आणि लोहाची कमतरता असे दोन्ही असलेल्या मुलांना लोह दिल्यावर आयोडीनचा उपाय अधिक चांगला लागू पडल्याचे दिसले होते. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयी आहेत. नाचणी किंवा ज्वारी आंबवल्याने फायटेट कमी होऊन त्यातले लोह शरीराला जरा सोपे पडते. हा फायदा हळू आणि छोटा आहे, रीलमध्ये बसणारा नाही. आणि थकवा, केस गळणे, थंडी वाजणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे रक्तक्षय आणि मंद थायरॉईड या दोन्हींत सारखीच असतात. हिमोग्लोबिन न तपासता फक्त थायरॉईडच्या मागे लागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग नुकसान कुठे होते?

पेय पिण्यात नाही, गोळी थांबवण्यात. आणि इथे औषधाचा स्वभावच फसवा आहे. थायरॉईडसाठी दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिन ही गोळी शरीरात फार सावकाश कमी होते. तिचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. गोळी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच बिघडत नाही. दुसऱ्या आठवड्यातही फारसे जाणवत नाही. त्याच काळात आंबील सुरू असेल तर ‘बघा, गोळीशिवाय बरी आहे’ असा विश्वास पक्का होतो. टीएसएच नव्या पातळीवर स्थिर व्हायला सहा आठवडे लागतात. थकवा, सूज, मासिक पाळीतील गडबड परत येते तोवर सेमिस्टरची परीक्षा आलेली असते आणि दोष अभ्यासाच्या ताणाला दिला जातो.

गोळी सोडण्याची घाई फक्त रीलमुळे होते असेही नाही. मुलीला रोज गोळी घ्यावी लागते, ही गोष्ट लग्न ठरवताना अडचणीची ठरेल या धास्तीने अनेक घरांत ती लपवली जाते. ‘नैसर्गिक’ उपायाची ओढ तिथूनही येते. ही गोळी म्हणजे ग्रंथी स्वतः बनवते तेच टी-४ आहे, कमी पडलेले भरून काढणारे. हे समजावून सांगायला ओपीडीत पाच मिनिटेही मिळत नाहीत, त्याला विद्यार्थी काय करणार?

गोळी चालू असताना आंबील किंवा ताक प्यायचे असेल तर वेळ सांभाळावी लागते. गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही. दूध आणि कॉफीने तिचे शोषण कमी होते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. ‘उठल्या उठल्या रिकाम्या पोटी आंबील’ हा सल्ला गोळी घेणाऱ्यासाठी म्हणूनच गैरसोयीचा आहे. तीच आंबील अकरा वाजता किंवा दुपारच्या जेवणात घेतली तर काही बिघडत नाही.

टीएसएच किंचित वाढलेला आला तर पहिला प्रश्न ‘काय खाऊ’ हा नसून ‘पुन्हा कधी तपासू’ हा असायला हवा. साधारणपणे दोन-तीन महिन्यांनी टीएसएचसोबत फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ या चाचण्या करून चित्र स्पष्ट होते. अँटी-टीपीओ जास्त असेल तर हाशिमोतोची शक्यता असते आणि पुढे लक्ष ठेवावे लागते. टीएसएच १० च्या वर असेल, गळ्यावर गाठ किंवा सूज दिसत असेल, उंची वाढणे थांबले असेल, तर मात्र थांबू नये.

दाव्यांवर कायदा काही म्हणतो का?

म्हणतो आणि जुना आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. ज्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास तो मनाई करतो त्यांच्या यादीत गलगंडही आहे. त्या काळात वर्तमानपत्रांतील आणि भिंतींवरील जाहिराती डोळ्यांसमोर होत्या. आज ‘माझा अनुभव’ म्हणून केलेली पोस्ट आणि खाली दिलेली खरेदीची लिंक यांच्यामधली रेषा ओळखणे अवघड झाले आहे. लिंक दिसली की समजावे, आपण जाहिरात पाहतो आहोत.

आणि मीठ कोणते घालता?

रीलमध्ये जवळपास कोणी न बोललेली, पण थायरॉईडशी थेट संबंध असलेली गोष्ट त्या ग्लासातच असते. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. काही भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागाला साधे. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागातील शाळकरी मुलांचा गलगंड निम्म्यावर आला, साध्या मिठाच्या भागात तो जवळपास तसाच राहिला. वर म्हटलेली दोन गटांची तुलना ती हीच. त्यातून १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरची देशव्यापी बंदी मध्यंतरी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. आज दहापैकी नऊहून अधिक घरांत आयोडीनयुक्त मीठ पोहोचले आहे.

आंबवलेल्या पेयांच्या पाककृतींत मात्र हटकून सैंधव किंवा गुलाबी मीठ सांगितले जाते. आयोडीनने जिवाणू मरतात, असे कारण दिले जाते. जर्मनीत २०१८ मध्ये आंबवलेल्या कोबीवर, म्हणजे सॉअरक्राउटवर, हे तपासले गेले. आयोडीनयुक्त मिठाने आंबण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. आंबिलीत तर मीठ बहुतेकदा पीठ आंबल्यानंतरच पडते, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

साधे गणित करू. किरकोळ विक्रीतील मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे लागते, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवले तर त्यातून निदान ७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे निम्मी गरज भागते. उरलेले दूध, अंडी, मासे यांतून येते. मेसमधले खाणे सोडून खोलीवर स्वयंपाक करणाऱ्या आणि ‘हेल्दी’ म्हणून सगळीकडे गुलाबी मीठ वापरणाऱ्या विद्यार्थिनीच्या हिशोबातून हे ७५ मायक्रोग्रॅम जवळपास पूर्ण वजा होतात. ती दूध आणि मासेही खात नसेल तर उरते फारच थोडे. शिजवताना काही आयोडीन उडून जाते आणि उघड्या, दमट डब्यातही ते कमी होते. तेव्हा आंबील करायचीच असेल तर पाकिटावर आयोडीनयुक्त असल्याचे हसरा सूर्य हे चिन्ह पाहून घ्यावे, मीठ झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि गॅस बंद केल्यावर, जिरेपूड टाकतानाच घालावे.